चिनी वैद्यकातील शरद: पेअर, आले आणि सहा पंधरवडे

चिनी वैद्यकातील शरदचर्येविषयी जे सर्वत्र वाचायला मिळते, ते बहुतेक तीन वाक्यांत संपते: शरद हा फुप्फुसांचा ऋतू आहे, या दिवसांत हवा कोरडी असते, म्हणून पेअर, मध आणि पांढऱ्या रंगाचे पदार्थ खावेत. यात खोटे असे काही नाही. परंतु बीजिंगमध्ये काही वर्षे राहिल्यानंतर, आणि तिथल्या स्वयंपाकघरांपासून वैद्यांच्या तपासणीच्या खोल्यांपर्यंत या विषयाची चर्चा ऐकल्यानंतर, मला असे वाटू लागले आहे की या परंपरेतील सर्वांत मोलाची गोष्ट नेमकी याच सारांशातून गळून पडते. ती म्हणजे शरद हा एकसंध ऋतू नाही याचे भान. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जे योग्य, ते ऑक्टोबरच्या अखेरीस त्रासदायक ठरू शकते, आणि घरातील एकाला जे मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस भाग केलेले आहेत. हे भाग चंद्रावर नव्हे, तर सूर्याच्या स्थितीवर आधारलेले असल्यामुळे आपल्या दिनदर्शिकेत त्यांच्या तारखा फार तर एखाद्या दिवसाने मागेपुढे होतात. २०१६ साली युनेस्कोने या कालगणनेचा समावेश मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्यांपैकी सहा भाग शरदाचे. लीछिऊ म्हणजे शरदाचा आरंभ ७ किंवा ८ ऑगस्टला होतो, २३ ऑगस्टच्या सुमारास छूशू येतो आणि उन्हाळा आवरता घेतो, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाइलू म्हणजे पांढरे दव, २२ किंवा २३ सप्टेंबरला छिऊफन हा समरात्रीचा दिवस, ८ ऑक्टोबरच्या आसपास हानलू म्हणजे थंड दव, आणि २३ ऑक्टोबरच्या सुमारास श्वांगच्यांग, म्हणजे हिमकण पडण्याचा काळ. ७ किंवा ८ नोव्हेंबरला लीदोंग आला की कागदोपत्री हिवाळा सुरू होतो.

ही नावे नुसती वाचली तरी लक्षात येते की या तीन महिन्यांत हवा किती दूरचा पल्ला गाठते. बीजिंगमध्ये वर्षभराच्या पावसाचा मोठा वाटा जुलै आणि ऑगस्टमध्ये पडतो, त्यामुळे लीछिऊच्या दिवशी अंगाला घाम चिकटलेला असतो आणि शरद आल्याची कोणतीही खूण बाहेर दिसत नाही; उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्या या उकाड्याला तिथे ‘शरदातला वाघ’ म्हणतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर मात्र वायव्येकडील कोरडे वारे सुरू होतात आणि दोन आठवड्यांत ओठ फुटू लागतात. आपला आयुर्वेद शरदाला पित्तप्रकोपाचा काळ मानतो आणि चिनी वैद्यक त्याच ऋतूला कोरडेपणाचा काळ म्हणते, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. मला ते वाटत नाही, कारण दोन्ही परंपरा आपापल्या आकाशाखाली घडल्या आहेत.

या विषयाचा मूळ आधार म्हणजे ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला ग्रंथ. त्याच्या ‘सूवन’ या भागातील दुसऱ्या अध्यायात चारही ऋतूंमध्ये कसे वागावे ते सांगितले आहे. शरदाच्या तीन महिन्यांत लवकर झोपावे आणि कोंबड्याबरोबर उठावे, मन स्थिर ठेवावे, वृत्ती बाहेर धावू न देता आत आवरून घ्यावी, म्हणजे फुप्फुसांतील ‘छी’ (जीवनशक्ती) स्वच्छ राहते, असा त्याचा आशय आहे. या नियमाविरुद्ध वागणाऱ्याची फुप्फुसे दुखावतात आणि त्याला हिवाळ्यात अन्न न पचता होणारे जुलाब लागतात, असेही तिथे म्हटले आहे. शरदाविषयीच्या या मजकुरात औषधाचा उल्लेख नाही, पथ्याची यादी नाही आणि पेअरही नाही. आहे ती झोपेची वेळ आणि मनाची ठेवण. पुढे पंचतत्त्वांच्या मांडणीत शरदाशी धातू हे तत्त्व, पश्चिम दिशा, पांढरा रंग, तिखट चव, नाक, त्वचा, मोठे आतडे आणि शोक ही भावना जोडली गेली. पांढरे पदार्थ खाण्याचा सल्ला याच मांडणीतून आला आहे, आणि मला तो या साऱ्या परंपरेतील सर्वांत कच्चा दुवा वाटतो. रंगावरून गुण ठरत असते, तर पांढरा मुळा आणि पांढरी साखर एकाच पंगतीत बसली असती.

अधिक रंजक गोष्ट अशी की शरद आणि कोरडेपणा यांची जी जोडी आज स्वयंसिद्ध वाटते, ती पूर्वी तितकी पक्की नव्हती. शरदात ओलाव्याने अपाय झाला तर हिवाळ्यात खोकला होतो, असे त्याच प्राचीन ग्रंथात लिहिलेले आहे. सतराव्या शतकातील वैद्य यू छांग यांनी १६५८ सालच्या आपल्या ग्रंथात या वाक्यावर थेट आक्षेप घेतला. ओलावा हा उन्हाळ्याच्या अखेरचा दोष आहे आणि शरदाचा दोष कोरडेपणाच असला पाहिजे, त्यामुळे मूळ पाठात गफलत झाली आहे, असे त्यांनी मांडले. कोरड्या पडलेल्या फुप्फुसांसाठी त्यांनी दिलेल्या काढ्यात तुतीची पाने, तीळ, लोकाटाची पाने आणि जर्दाळूच्या बिया आहेत. आज त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले आहे. तरीही ऑगस्टच्या अखेरीस पावसाने भिजलेल्या बीजिंगमध्ये फिरताना जुन्या पाठाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण शरदाचे पहिले दोन पंधरवडे खरोखरच ओले असतात.

कोरडेपणाचेही पुढे दोन प्रकार मानले गेले, आणि व्यवहारात सर्वांत उपयोगी भेद हाच आहे. सप्टेंबरमध्ये ऊन अजून तापत असते. तेव्हाच्या कोरडेपणाला उष्ण कोरडेपणा म्हणतात, आणि त्यात घसा जळजळतो, तहान लागते, खोकला कोरडा असतो आणि कफ आलाच तर थोडा व चिकट असतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर थंड कोरडेपणा सुरू होतो. त्यात अंगावर काटा येतो, नाक चोंदते, डोके जड होते, कफ पातळ असतो आणि तहान फारशी नसते. वैद्य वू जूथोंग यांनी १७९८ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या उष्ण रोगांवरील ग्रंथात या दोहोंसाठी स्वतंत्र योग, म्हणजे औषधी मिश्रणे, आहेत. पहिल्यासाठी ‘सांग शिंग थांग’, ज्यात तुतीची पाने, जर्दाळूच्या बिया आणि पेअरची साल असते. दुसऱ्यासाठी ‘शिंग सू सान’, ज्यात झीसू या सुगंधी वनस्पतीची पाने, संत्र्याची वाळलेली साल, खजुरासारखी दिसणारी लाल चिनी बोरे आणि आले असते. जर्दाळूची बी दोन्हींत आहे, बाकीचा रोख जवळजवळ उलट आहे. म्हणजे ‘शरदातील खोकल्यावर काय घ्यावे’ या प्रश्नाला या परंपरेत एकच उत्तर नाही. आधी महिना विचारला जातो, मग तहान, आणि मग कफाचा रंग.

इथे आल्याचा प्रश्न उपस्थित होतो. वर्षात शरदात आले खाऊ नये आणि दिवसात रात्री आले खाऊ नये, अशी एक म्हण चीनमध्ये घरोघरी ऐकू येते. तिच्यामागचा विचार सरळ आहे: आले तिखट आणि उष्ण, ते घाम आणते आणि बाहेर टाकते, तर शरद हा आत साठवण्याचा ऋतू, त्यात आधीच कोरड्या पडलेल्या शरीराला आणखी का कोरडे करावे? मात्र हीच म्हण सांगणारी मंडळी त्याच ऋतूत सूजौजवळच्या यांगछंग सरोवरातील केसाळ पंजांचे खेकडे आणतात, आणि ते बारीक चिरलेले आले घातलेल्या व्हिनेगरात बुडवून, गरम केलेल्या पिवळ्या तांदूळमद्यासोबत खातात, कारण खेकडा अतिशीत मानला जातो आणि त्याला आल्याने तोलावे लागते. शरदातील प्रसिद्ध पेअरच्या पाकातही आले असते. थंड कोरडेपणावरील त्या अभिजात योगातही आले आहे. यावरून म्हण खोटी ठरते असे मी म्हणणार नाही. ती बेताने खाण्याविषयी आहे, वर्ज्य करण्याविषयी नाही. ज्याने सप्टेंबरच्या उन्हात घसा जळत असताना रोज आल्याचा कडक चहा प्यायला, त्याच्यासाठी ती आहे. ऑक्टोबरच्या पावसात भिजून आलेल्याला ती ऐकवण्यात अर्थ नाही.

पेअरकडे आता थोडे सावकाश वळता येईल. चिनी वैद्यक पेअरला शीत, गोड आणि किंचित आंबट मानते, आणि ते फुप्फुसांना ओलावा देते व कफ सुटा करते असे सांगते. पण कच्चे पेअर आणि शिजवलेले पेअर यांत तिथे मोठा फरक केला जातो. कच्चे फळ उष्णता शमवते, म्हणून ते शरदाच्या आरंभी आणि ज्याची प्रकृती गरम आहे त्याने खावे. शिजवलेले फळ शीतपणा बराचसा गमावते, म्हणून ते पुढच्या महिन्यांत आणि ज्याचे पोट नाजूक आहे त्याच्यासाठी. घरगुती पद्धत अशी: पेअरचा वरचा भाग टोपीसारखा कापायचा, मधला गाभा कोरून काढायचा, त्यात खडीसाखर घालायची, टोपी परत ठेवून वाटीत उभे करायचे आणि मऊ होईपर्यंत वाफवायचे. वाटीत जो रस उतरतो तोच खरा ऐवज. काही जण त्यात डोंगराळ प्रदेशातील ‘छ्वानबेई’ या महागड्या कंदाची पूड घालतात. माझ्या मते तिथे स्वयंपाकघर संपते आणि दवाखाना सुरू होतो, कारण चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००२ साली अन्न आणि औषध दोन्ही मानल्या जाणाऱ्या ८७ पदार्थांची जी यादी जाहीर केली, तिच्यात लिलीचे कंद, शेवंती आणि जर्दाळूच्या बिया आहेत, छ्वानबेई नाही.

बीजिंगचा ‘छिऊली गाओ’ म्हणजे पेअरच्या रसाचा आटवलेला पाक हा याच विचाराचा टिकाऊ अवतार आहे. पेअर किसून, लाल बोरे आणि आल्याबरोबर उकळून, गाळून, खडीसाखर घालून काळपट तांबूस होईपर्यंत आटवतात आणि निवल्यावर मध मिसळतात. चमचाभर पाक कोमट पाण्यात घालून प्यायचा. चव उत्तम असते, आणि धोका तिथेच आहे: औषध म्हणून ज्याकडे पाहिले जाते तो मुख्यतः साखरेचा पाक आहे, आणि मधुमेही माणसाने त्याला औषध समजू नये. मध असल्यामुळे एक वर्षाखालील बाळाला तो देऊच नये. मधातील जिवाणूंमुळे तान्ह्या बाळांना बोटुलिझम होऊ शकतो, आणि हा इशारा कोणत्याही परंपरेच्या वर आहे. पेअरमध्ये सॉर्बिटॉल ही शर्करा आणि भरपूर तंतू असल्यामुळे ते पोट साफ करते, हेही खरे आहे. फुप्फुस आणि मोठे आतडे ही जोडी मानणाऱ्यांना याचा फार आनंद होतो, पण योगायोगाला पुरावा म्हणू नये. उलट ज्यांना आधीच पातळ शौच होते त्यांना वैद्य पेअर टाळायला सांगतात, आणि या एका मुद्द्यावर जुने व नवे शास्त्र सहज एकमत होते.

पेअरच्या खालोखाल मान ‘यिन-अर’ या पांढऱ्या, झालरदार अळंबीचा. फूच्येन प्रांतातील गूथ्येन इथे तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते. वाळलेली अळंबी भिजवून, देठाचा कडक भाग काढून, मंद आचेवर शिजवली की तिच्यातील पॉलिसॅकराइडमुळे पाणी दाट आणि बुळबुळीत होते. त्यात कमळाच्या बिया, लाल बोरे आणि गान्सू प्रांतातील लानचौचे गोडसर लिलीकंद घालतात. हा बुळबुळीतपणा फुप्फुसांपर्यंत पोहोचतो असे मानण्याचे कारण नाही. कोरड्या घशाला मात्र तो नक्कीच सुखावतो. एक इशारा इथे महत्त्वाचा आहे, आणि तो चीनमधील अन्नसुरक्षा यंत्रणा वारंवार देतात: ही अळंबी रात्रभर, विशेषतः उबदार हवेत, भिजत ठेवू नये. अशा भिजवणीत एका विशिष्ट जिवाणूची वाढ होऊन बाँगक्रेकिक आम्ल नावाचे विष तयार होऊ शकते, आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. याच विषाने ऑक्टोबर २०२० मध्ये हेइलोंगच्यांग प्रांतात आंबवलेल्या मक्याच्या शेवया खाल्लेल्या एका कुटुंबातील नऊ जण दगावले. अळंबी तासा-दोन तासांत पुरेशी फुलते. तेवढ्यावर ती शिजायला ठेवावी आणि उरलेली भिजवण फेकून द्यावी.

जर्दाळूच्या बियांबाबतही हाच सावधपणा हवा. दक्षिणेकडील गोड बिया सूपात घालतात. उत्तरेकडील कडू बिया हे औषध आहे. कडू बीमधील अमिग्डालिनपासून शरीरात सायनाइड तयार होते. चीनच्या अधिकृत औषधकोशात तिची काढ्यासाठीची मात्रा ५ ते १० ग्रॅम एवढीच आहे. मूठभर बदाम चघळावेत तशी ती चघळण्याची वस्तू नाही.

लीछिऊच्या दिवशी उत्तर चीनमध्ये भरपूर मांस खाण्याची प्रथा आहे. उन्हाळ्यात उतरलेले वजन भरून काढायचे, असा तिचा हेतू. पूर्वी उन्हाळ्याच्या आरंभी माणसांना काट्यावर तोलत आणि लीछिऊला पुन्हा तोलून किती घट झाली ते पाहत. आजचे वैद्य या प्रथेकडे नाखुशीने पाहतात आणि त्यांचे कारण मला पटते. उन्हाळाभर गार पेये आणि कलिंगडे खाऊन पचन मंदावलेले असते, हवा अजून दमट असते, आणि त्यावर तेलकट डुकराचे मांस लादले तर पोट जड होण्यापलीकडे काही साधत नाही. शानयाओ हा लांब पांढरा कंद, ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्याची पातळ पेज आणि भोपळा यांवर पहिले दोन पंधरवडे काढावेत, मांसाची घाई करू नये, असे ते सुचवतात. अर्थात ज्यांचे वजन उन्हाळ्यातही उतरले नाही, त्यांनी भरपाई कशाची करायची हा प्रश्न वेगळाच.

कपड्यांच्या बाबतीतही महिन्यानुसार नियम बदलतात. वसंतात पांघरून राहावे, शरदात थोडे गारठून घ्यावे, ही म्हण लोक मुलांनासुद्धा सांगतात. थंडीची पहिली झुळूक आली की लगेच जाड कोट चढवू नये, त्वचेला गारव्याची सवय होऊ द्यावी, असा तिचा अर्थ. पण तिला दोन अटी जोडलेल्या आहेत. बाइलू आला की अंग उघडे टाकू नये आणि हानलू आला की पाय उघडे ठेवू नयेत. माझ्या शेजारच्या आजीबाई ऑक्टोबरमध्ये लिफ्टमध्ये कोणा तरुणाचे उघडे घोटे पाहिले की त्याला ओळख नसतानाही सुनावत, आणि तोही निमूटपणे हो म्हणे. वृद्ध, दमेकरी, हृदयविकार किंवा संधिवात असणारे यांनी गारठून घेण्याच्या भानगडीत पडू नये, हे वैद्यही स्पष्ट सांगतात. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून बसण्याची सवय याच सुमारास सुरू होते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पाण्याची उष्णता दुसऱ्याकडून तपासून घ्यावी.

शोक आणि फुप्फुसे यांचा संबंध मला सुरुवातीला निव्वळ काव्य वाटला होता. आता मी त्याकडे जरा आदराने पाहतो. दिवस लहान होतात, झाडे मोकळी होतात, आणि अनेकांचे मन खचते. प्राचीन अध्यायाने मनःस्थितीला आहाराच्याही आधी स्थान दिले, यात निरीक्षण आहे. चांद्र पंचांगातील नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, म्हणजे बहुधा ऑक्टोबरमध्ये, उंच जागी चढून जाण्याची आणि शेवंतीची फुले पाहण्याची जी प्रथा आहे, तिच्याइतका सुज्ञ उपाय क्वचितच सापडेल: ऊन, चाल, सोबत आणि दूरवर पोहोचणारी नजर. २०१३ मध्ये लागू झालेल्या सुधारित कायद्याने हाच दिवस ज्येष्ठ नागरिकांचा दिवस ठरवला. बीजिंगच्या पश्चिमेकडील श्यांगशान टेकड्यांवर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पाने लाल होतात, आणि तेव्हा तिथल्या पायऱ्यांवर सत्तरीतली माणसे तरुणांना मागे टाकताना दिसतात.

व्यायामात ‘बादुआनजिन’ या आठ हालचालींच्या क्रमातील धनुष्य ताणण्याची हालचाल छाती उघडण्यासाठी खास शरदात सांगितली जाते. नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंना असलेला ‘यिंगश्यांग’ हा बिंदू सकाळी बोटांनी चोळल्याने चोंदलेले नाक काही वेळ मोकळे वाटते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला ‘हगू’ हा बिंदू मात्र गरोदर स्त्रियांनी दाबू नये, असा जुना संकेत आहे.

या सगळ्याकडे मी ऋतूनुसार वागण्याची शिस्त म्हणून पाहतो, शरीरक्रियेचे वर्णन म्हणून नव्हे. चीनमधील सामान्य माणूसही या दोन गोष्टींत सहसा गल्लत करत नाही. तिथली आरोग्ययंत्रणा फ्लूची लस शक्यतो ऑक्टोबरच्या अखेरीपूर्वी घ्यावी असे सांगते, बीजिंगमध्ये २००७ पासून साठीपुढच्या रहिवाशांना आणि शाळकरी मुलांना ती मोफत मिळते, आणि पेअर वाफवणारे हात लसीसाठीही पुढे होतात. खोकला दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला, ताप राहिला, कफात रक्त दिसले किंवा धाप लागू लागली, तर पाकाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कोणतीही वनौषधी त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

शरद सरत आला की शांघाय आणि आसपासच्या च्यांगनान प्रदेशात वैद्यांकडे गर्दी वाढते. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसापासून वसंतारंभापर्यंत घेण्याचा ‘गाओफांग’ हा चाटणासारखा पाक तिथे प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार वेगळा लिहून दिला जातो. मात्र पहिल्या भेटीत तो कोणाला मिळत नाही. आधी काही आठवडे ‘वाट मोकळी करणारे’ साधे काढे दिले जातात, पचन कसे चालते ते पाहिले जाते, आणि पौष्टिक पाक पचेल अशी खात्री झाल्यावरच तो लिहिला जातो. उत्तरेत याच सुमारास लोक १५ नोव्हेंबरची वाट पाहतात, कारण बीजिंगमधील सार्वजनिक उष्णताव्यवस्था त्या दिवशी अधिकृतपणे सुरू होते. त्याआधीचे काही दिवस घराच्या आत सर्वांत बोचरे असतात आणि त्यानंतरचे महिने घराच्या आत सर्वांत कोरडे. त्यामुळे पेअर आणि पाण्याची वाफ यांची गरज तिथे हिवाळ्यात शरदाहून अधिकच भासते. झोपेचा नियम मात्र लीदोंगला बदलतो: लवकर झोपणे तसेच ठेवायचे, पण कोंबड्याबरोबर उठायचे नाही, सूर्य वर येईपर्यंत अंथरुणातच राहायचे.